धुराचा वास लागलेली कोकरं

आत्याबाई, तुमची वस्ती जळाली. हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, बाकी सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. दुपारी कुणीतरी बांधावरचं वाळलं गवत पेटवलं, वारं सुटलं आणि जाळ अख्ख्या माळावर पसरला. कुणी पेटवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही, कारण तोच माणूस रोज सकाळी सायकलवरून कडब्याच्या पेंढ्या आणून टाकतो आणि मान खाली घालून निघून जातो. मेंढ्या बाप्यांबरोबर लांब चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. मागे होतो आम्ही बाया आणि कोकरं. पदरात, पाटीत, जमेल तशी कोकरं उचलून आम्ही नांगरलेल्या रानात जाऊन बसलो. नांगरटीत जाळाला खायला काही नसतं, हे तुमचंच शिकवणं. तिथं बसून आपली छपरं जळताना पाहिली. तुम्ही सूत कातलेलं घोंगडंही गेलं. तेव्हा रडायला वेळ नव्हता आणि आता रडू येत नाही.

खरं संकट संध्याकाळी आलं. मेंढ्या परतल्या, कोकरं ओरडत धावली, आणि एकाही आईनं पिलाला जवळ केलं नाही. सगळ्यांना एकच धुराचा वास. मेंढ्या हुंगायच्या आणि ढुशी मारून लोटून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी थोरल्या भाऊजींनी सगळ्यांना राखेतच गोळा केलं. म्हणाले, "कोकरं जगली तर हितं ऱ्हायचं. न्हाय जगली, तर समदी मेंढरं रविवारच्या बाजारात न्यायची आन् ज्यानं त्यानं आपली वाट धरायची." मग ते माझ्याकडे वळले. "तू सासूच्या हाताखाली शिकलीस की. बघ काय जमतंय का." तुमचे चिरंजीवही माझ्याकडे बघत राहिले, एरवी जेवायला वाढलेलंसुद्धा न बघणारे.

तुम्हाला आठवतं का, मी नवी नवरी होते. करकंबची मी, चहूकडे ऊस आणि पाटाचं पाणी, मेंढी लांबूनच पाहिलेली. नुकतं जन्मलेलं कोकरू घाणेरडं दिसलं म्हणून मी त्याला लग्नातल्या वासाच्या साबणानं आंघोळ घातली, टॉवेलनं पुसलं आणि मोठ्या कौतुकानं आईपुढे नेऊन ठेवलं. तिनं जी ढुशी मारली! तुम्ही चरवी घेऊन आलात. मग म्हणालात, "करकंबच्या राणीसाहेब, तिला तोंड बघून वळख पटत न्हाय. नाकानं पटती." अजून डोळ्यांपुढं दिसतं, मेंढीची धार काढून तिचंच दूध तुम्ही कोकराच्या डोक्याला, पाठीला, शेपटीला चोळता आहात, मेंढीचं डोकं माझ्या हातात देता आहात. "बस हितं. तिचा राग जाईस्तवर उटायचं न्हाय." मी बसते. पायांना मुंग्या येतात, तरी बसते. मला तुमचा फार राग आला होता, आत्याबाई.

आता मी तशीच बसते, पण धार काढायला दूधच कमी. माळावर काडी नाही, पेंढ्यांवर कितीशी पोसणार? कोकरांना शेळीचं दूध चमच्यानं पाजतो आणि सकाळी उठलं की आधी कान देतो, आज कोण ओरडत नाही ते. पंचनाम्याला लोक येऊन गेले. शहरातून कपड्यांची गाठोडी आली, त्यांत सगळ्या टिकल्यांच्या, जरीच्या साड्या. त्याच नेसून आम्ही राख उपसतो. पहिल्या दिवशी एकमेकींकडे बघून हसलो, आता हसायलाही जीव होत नाही. कुंभारीहून बहिणीचा फोन येतो. तिथं ती विड्या वळते, दारात नळ आहे, शेजारची खोली रिकामी आहे. "कशाला त्या राखेत मरती? ये की हिकडं." मी म्हणते बघू, आणि फोन ठेवल्यावर ती खोली डोळ्यांपुढून हलत नाही. मला पावसाळ्यापर्यंत थांबायचं नाही. मला पुन्हा छप्पर शेकारायचं नाही. थकले मी.

काल एका मेंढीनं हुंगून हुंगून अखेर कोकराला कासेला लागू दिलं. बाया हसल्या, एकीनं तर तुमच्या नावानं हात जोडले. भाऊजी म्हणाले, "एकीनं घेतलं की दुसरी बी घील. रविवारचं ऱ्हाऊ द्या. छपरं बांदाय घ्या." लगेच बाप्ये छपराला लाकडी मेढी आणायला गेले. हे मला म्हणाले, "आय असती तर लई खूश झाली असती." मी मान डोलावली.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एवढं खरं लिहिते. ती मेंढी हुंगत होती तेव्हा तिचं डोकं माझ्याच हातात होतं, आणि मी मनात म्हणत होते, मार बाई, एक ढुशी मार, म्हणजे सुटले मी.