‘आयतु’चा घोळ

मंगळवार, ३ डिसेंबर

अशे, पुण्याला गेल्यापासून तुझं डोकं म्हंजे गळकी घागर झालंय. गेल्या खेपेला मी मोबाईलात बोललेलं तू ‘मी म्हणते, मी जाते’ असं उतरवलंस. आपल्या निपाणीत बाया ‘मी म्हणतो, मी जातो’ म्हणत्यात, विसरलीस व्हय? बोलतो तसं लिही. व्याकरण तुझ्या नवऱ्याला शिकव. मिळाला की.

तर बातमी. तुझ्या आईच्या, सुनंदाच्या, बायांच्या गटाचा भाकरीचा करार मोडायला आलाय. जैन बोर्डिंगचा. तिथली पोरं दिवस मावळायच्या आत जेवत्यात, मावळला की ताट बंद. गेल्या शुक्रवारी करंट गेला, गिरण बंद, ताजं पीठ न्हाय. घरातलं पीठ जुनं, विरी गेलेलं, भाकरी थापली की चिरायची. सुनंदानं मॅनेजर धनपालअण्णाला फोन लावला, “आज उशीर हुईल.” त्यो म्हणाला, “आयतु.” हिनं धरलं, परवानगी मिळाली. दिवस मावळल्यावर बुट्ट्या घेऊन पोचली तर पोरं नुसता आमटीभात खाऊन उठलती. बुट्ट्या तशाच परत. गाय तेवढी खूश.

आज बोर्डिंगची नोटीस आली. सुनंदानं दोनदा वाचली, मग पदरानं तोंड पुसलं.

(धनपालअण्णा पुढं नुसतं ‘ध.’ लिही. बोटं झिजतील तुझी.)

बुधवार, ४ डिसेंबर

माझं माहेर चिकोडीकडचं, कन्नड माझ्या अंगातच. सुनंदा ह्या सासूलाच विचारत आली, “आत्ती, आयतु म्हंजे बरं, असंच न्हवं?”

म्हटलं, आयतु म्हंजे झालं. जेवण झालं, आयतु. सौदा ठरला, आयतु. माणूस गेलं, तरी आयतु.

“मग त्यो कुठलं म्हणाला?”

“ते त्यालाच ठाव. तुला मात्र आयतं वाटलं.”

हसली न्हाय. एरवी हसती.

करारात एक कलम हाय म्हणं. वाद झाला तर आधी दोघांनी समोरासमोर बसायचं. मधी वकील न्हाय, पंच न्हाय. तिथं मिटलं तर मिटलं, न्हायतर करार संपला. परवा बसायचं. मशीनच्या रोट्यावाला तिकडं टपूनच हाय.

डॉक्टर काय म्हणालता ते तरी आठवतंय का तुला? सुनंदा परत तंबाखूच्या धुळीत बसली तर छाती जाणार. भाकरी सुटली की विड्याच उरत्यात. माझ्या जिभेला हाड न्हाय, पण हे बोलताना ती बी

ऱ्हाऊ दे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सुनंदा म्हणालती, “आत्ती, तुमी घरीच बसा.” मी लुगडं बदलून आधीच दारात.

वाटंत तिला शिकवत गेलो. गप बसायचं. बैलबाजारात आधी तोंड उघडतो त्यो हरतो.

ध. माणूस वाईट न्हाय. आधी पाणी दिलं. मग म्हणाला, “अक्का, मी आयतु म्हणालो ते ‘आजचं जेवण बुडालं’ ह्या अर्थानं. तुमी परवानगी कुठनं काढली?”

“मग नको म्हणायचं की सरळ, अण्णा.”

“नको म्हणून पीठ येणार हुतं?”

दोघांचं बी खरं. सुनंदा शिकवल्यापरमाणं बसून ऱ्हायली, ओठ मिटून, खोकला दाबून. आणि तोंड उघडलं कुणी? शिकवणाऱ्यानं.

“थंडीभर रोजच्या आधी, पाचच्या ठोक्याला भाकरी दारात. माझा शब्द.”

ध. म्हणाला, “आयतु!” ह्या खेपेला अर्थ सगळ्यास्नी कळला.

स्टँडावर सुनंदा म्हणाली, “आत्ती, पाचला पोचवायची तर भर दुपारी चुली पेटाय पायजेत. तवा निम्म्या बाया दुसऱ्याच्या रानात असत्यात. त्यास्नी गटातनं काढू? आणि करंट काय तुमच्या शब्दावर येतो?”

बस आली. ती फुडं बसली, मी मागं. जागा भरपूर हुती.

रविवार, ८ डिसेंबर

सुनंदा बोलत न्हाय. चहा आणून ठेवती. चहात साखर हाय, तोंडात न्हाय.

पाचची गोष्ट गल्लीत फिरली. आपल्या गटातली मालन, दुपारी रानात जाणारी, तिनं कारखान्यातनं पानं-तंबाखू आणून विड्या वळायला परत सूप मांडीवर घेतलं. म्हटलं, “मालने, दोन दिस थांबायचं की गं.”

“कुणाच्या भरवशावर, आज्जी? तुमच्या?”

सुनंदा तिच्या दारावरनं नाकाला पदर लावून गेली, आणि घर येस्तवर खोकत ऱ्हायली. माझ्या अंथरुणापर्यंत ऐकू आलं.

सोमवार, ९ डिसेंबर

ध.ला फोन लावून घेतला शेजारणीकडनं. म्हटलं, “अण्णा, पाचचा शब्द माझा. गटाचा न्हवं. माघारी घेतो.”

त्यो म्हणाला, “मग आज्जी, तुमी कुठल्या नात्यानं बसलता?”

बरोबर लागलं. कंबरेच्या जरा वरती.

मग म्हणाला, “सुनंदाक्कांनी येऊन सांगावं. परत बसू. पण एकदाच.”

हे सुनंदाला सांगितलं तर ती आणखीच तापली. “मला न इचारता शब्द दिला. मला न इचारता परत घेतला. गट तुमचा का माझा?”

तुझा बाई, तुझाच. हे मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, “आमटीत मीठ कमी हाय.” असलंच काय काय निघतंय माझ्या तोंडातनं.

बुधवार, ११ डिसेंबर

सुनंदा एकटी गेलती. मी दारात बसून. जोंधळे निवडायला घेतले आणि खडे टाकायचे सोडून जोंधळेच टाकले.

आली ती सरळ चुलीकडं. माझ्याशी न्हाय बोलली, पण भांड्यास्नी सांगितल्यागत मोठ्यानं सांगितलं. वेळ हाय तीच ऱ्हाणार, एकबी बाई काढणार न्हाय. करंट गेला त्या दिवसासाठी तिळाची कडक भाकरी आधीच करून बोर्डिंगात ठेवायची.

हे माझ्या डोक्यात का न्हाय आलं? जलमभर कडक भाकरी खाल्ली मी. दात हुते तवर.

पण ध. अडला. त्यांच्यात खायच्या जिनसाला मर्यादा असती. तेवढ्या दिवसांतच खायचं, ओल ऱ्हायली तर दुसऱ्या दिवशी चालत न्हाय. कडक भाकरी मर्यादेत बसती का, ते कमिटीला विचारणार. कमिटी न्हाय म्हणाली तर रोट्यावाला.

“तुमी काय म्हणाला?” असं मी भांड्यास्नीच विचारलं.

“मी गप बसले,” सुनंदा म्हणाली. ‘बसले’! माझ्यावर राग आला की ती बी पुण्याची हुती.

शुक्रवार, १३ डिसेंबर

कमिटीला नमुना बघायचाय. उद्या सकाळी.

सुनंदा आज दुपारधरनं तव्याफुडं. भाकरी उलटती, तव्यावरनं काढून चुलीतल्या आराला, निखाऱ्याफुडं, उभी करती, कडा दाबून बघती. ओल ऱ्हायली तर गेलं सगळं. मालन आलती, बघून गेली. विड्यांचं सूप अजून तिच्या घरात हाय. गटाला न्हाय म्हणाली न्हाय, परत येतो बी म्हणाली न्हाय.

मला एक दिसतंय ते सुनंदाला दिसत न्हाय. नुसती भाकरी धाडणार ती. कोरडी भाकरी कमिटीच्या म्हाताऱ्यांच्या घशाखाली उतरंल व्हय? पण मी सांगितलं तर ती मुद्दाम करणार न्हाय. आणि मी न इचारता परत बोललो असं हुईल.

म्हणून अशे, हे ऐकलंस की आधी लिहीत बसू नकोस, आईला फोन लाव. तुझं म्हणून सांग, माझं नाव काढायचं न्हाय. भाकरीबरोबर शेंगाची चटणी धाड म्हणावं. लसूण न्हाय, कांदा न्हाय, पाण्याचा हात बी न्हाय. तिखट बेताचं. आणि वेगळ्या डब्यात.