बुडबुडे थांबायच्या आधी

मंगळवार, चैत्र, दिवेलागण

जावयाची गाडी मागू नका म्हणून घरातले सगळे ओरडत होते, पण मी ऐकते कुणाचं? लेकीच्या घरचं पाणी पीत नाही मी, आणि वणीला देवीला जायला तिचीच गाडी आणली.

सकाळी मधूनं, माझ्या थोरल्यानं, गळका पाइप बदलून रेडिएटरमध्ये नवं पाणी भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. पाण्यावर बुडबुडे येत होते. म्हणाला, "आई, आतली हवा निघू दे. बुडबुडे थांबले की झाकण लावतो."

मी म्हणाले, "भजी तळतोस काय? आरती चुकंल. लाव झाकण."

त्यानं लावलं.

गडाच्या घाटात गाडी तापली, धूर निघाला, बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, "हवा अडकली व्हती, आजी. इंजिन गेलं." मधू गाडी ओढायला दोर शोधायला लागला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

बुडबुडे थांबायला किती वेळ लागला असता? चहा उकळेस्तोवर. आता लेकीला सासरी जन्माचे टोमणे.

गाडी कधी आणता, विचारायला जावयाचा फोन येईल. मधूनं फोनला हात लावायचा नाही. झाकण कुणी लावायला लावलं, ते मीच सांगणार.