होळीतलं तांबं

९ मार्च, रविवार. अकोला.

प्र.ने घरामागच्या पडीक जागेवर पुन्हा वायर जाळली. (नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही.) जुने टीव्ही, कॉम्प्युटर आणून खोलायचे हा आमचा धंदा, त्याला माझं काही म्हणणं नाही. अमरावतीच्या व्यापाऱ्याला मोकळं तांबं लागतं, तर मी सुरीने वायर सोलून देते. बोटं फाटतात ती माझी. पण ह्याला धीर नाही, पेटवून मोकळा. आमची पोरगी मिनी धुराने खोकून खोकून निळी पडली. डिझेलची कॅन फेकून मारली मी त्याला. त्याने हात पिरगाळला. मी चावले.

१० मार्च

मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणाले, हा धूर थांबला नाही तर नुसत्या वाफेने पोरीचं भागायचं नाही. घरी आल्यावर प्र.ने मिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीची आन. आता वायरले काडी लावनार नाई." रडलासुद्धा. मी विरघळले. गाढव आहे मी.

१३ मार्च, होळी

मिनीने शेणाच्या चाकोल्यांची, छोट्या गोवऱ्यांची, माळ टाकली, होळी पेटली आणि पाच मिनिटांत तोच काळा धूर. हा वास मी झोपेतही ओळखेन. पोरं ओकायला लागली. लोक म्हणाले, कोणीतरी टायर टाकलं. मिनीला उचलून पळाले. गोदामात पाहिलं तर वायरचे गठ्ठे गायब.

प्र. हसून म्हणतो, "म्या कुठं काडी लावली? होळी तं साऱ्या मोहल्ल्यानं पेटोली."

होळीच्या धुराला कोण नावं ठेवतं, ही त्याची अक्कल. काठी घेऊन बडवला त्याला. त्याने भिंतीवर आपटलं मला. कपाळ फुटलं. मिनीला वाफ देत बसले.

१४ मार्च, धुळवड

अंघोळीचं पाणी तापवायला बाया होळीतले निखारे आणायला गेल्या, मीही गेले. राखेत नामदेव. आमच्यासाठी ठेल्यावर दारोदार भंगार गोळा करतो तो. घमेल्यात तांबं वेचत होता. प्र.नेच पाठवलेलं, दुसरं कोण.

गर्दी झाली, प्र.ही आला. "यानंच होळी बाटोली!" "पोट्टे मारले असते यानं."

नामदेवने मान वर करून प्र.कडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, आणि पहिली काठी प्र.ने घातली. तोंडावरच. मग सगळेच. रंगलेली तोंडं, कोण कोणाचं कळेना. दात मातीत पडलेले. मी त्याच्यावर आडवी पडले, पाठीत लाथा बसल्या तेव्हा कुठे हात थांबले.

मी ओरडून नाव का नाही घेतलं? घशाशी आलं होतं.

१५ मार्च

नामदेवचा जबडा तुटलाय. सरकारी दवाखान्यात बांधून ठेवलाय, बोलता येत नाही. लिहिणं त्याला कधी आलंच नाही. पोलीस मोहल्ल्यात येऊन गेले. सगळ्यांचं एकच, रंगात ओळखू आलं नाही.

प्र. जेवता जेवता म्हणाला, "तोंड उघडशीन तं पोरीले घेऊन जाईन. दिसू नाई देनार." आणि भाजी वाढ म्हणाला. मी हातोडा उचलला. आज खरंच घातला असता डोक्यात. मिनी दारात उभी होती.

१६ मार्च

नामदेवची बायको आली. कांता. माझ्या पाया पडायला लागली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तुमी आडव्या नसत्या पडल्या तं मेलाच होता तो. पयली काठी कोनं मारली, तेवढं ठान्यात सांगसान का? तुमी तं जवळच होत्या."

प्र. तिला पाणी देत होता. मी बोलायच्या आत तोच म्हणाला, "सांगन ना. उद्या मीच आनतो तिले ठान्यात."

१७ मार्च, सोमवार

मिनीला काल संध्याकाळी माझा भाऊ भातकुलीला आईकडे घेऊन गेला. शाळेच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली, असं काहीतरी प्र.ला सांगितलंय. त्याला अजून पत्ता नाही.

सकाळपासून दोनदा पढवलं मला, काय बोलायचं ते. रंग होता, दिसलं नाही. मी हो म्हटलं.

बाहेर गाडी सुरू करून हॉर्न वाजवतोय. ठाणं येईपर्यंत त्याच्याच मागे बसून जायचं आहे.