दोर पोहोचला का, मामा?

तीर्थरूप मामांस, भाच्याचा पाया पडून नमस्कार (हल्ली कंबर धरते, पण पूर्ण वाकलो आहे असं समजा). तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे? आणि पाण्यात दोरांना टांगून वाढवलेली तुमची कालवं यंदा कशी भरली आहेत? शेवटचा प्रश्न आपला सहज विचारला. महिन्यापूर्वी तुमच्या होडीचा जुना जाड दोर परत पाठवला, तो पोहोचला असेलच.

पत्राचं कारण एकच, आभार. कारखान्यातून मला काढलं तेव्हा तुम्ही तुमची होडी माझ्या हवाली केलीत. आई म्हणाली होती, "दादा, याच्या हातात बादली देतानासुद्धा मी दोनदा विचार करते." तुम्ही एकदाही केला नाहीत. तीन वर्षं बंदरातली माणसं अलीकडून पलीकडे नेऊन मी पोट भरतो आहे. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही (पुढचं वाचताना हे वाक्य ध्यानात असू द्या).

तर झालं असं, की होडी जड चालायला लागली. आधी मला वाटलं, प्रवासी जाड झाले. एका बाईंना तसं बोलूनही बसलो, त्या आता पुलावरून चालत जातात. शेवटी बुडी मारून तळ पाहिला, तर मामा, खाली बागच! बोटाएवढ्या जाड, हातभर लांब नळ्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी पिसांचा गोल तुरा. माझी सावली पडली मात्र, सगळे तुरे झटक्यात आत. आधी कोण घाबरलं, ते की मी, हे सांगता येणार नाही. पण होडीचा तळ लखलखीत हवा ही तुमची शिकवण. सुरी घेऊन उतरलो आणि दोन दिवस खपून एकूण एक नळी खरवडली. पुन्हा चिकटू नयेत म्हणून त्यांचे बारीक तुकडे केले आणि एकाच जागी घाण नको, म्हणून बंदरभर सारखे वाटून टाकले.

सहा महिन्यांत सगळ्यांच्याच होड्या जड झाल्या. मग समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, हा किडा इथला नाहीच, कुठल्याशा जहाजाच्या बुडाला चिकटून लांबून आलाय. नळी तो स्वतःच बांधतो, चिखल आणि स्वतःचा चिकटा लावून. पिसांनी श्वास घेतो, पिसांनीच पाण्यातलं बारीक खाणं गाळतो, म्हणजे कालवांच्या तोंडचा घास पळवतो. आणि तुकडे केले तर तुकड्याला नवं डोकं फुटतं. थोडक्यात, मी साफसफाई नव्हे, लागवड केली होती.

होडीवाले मला बुडवायलाच निघाले. माझा परवाना जायची वेळ आली. हे कोणी केलं, असं बाईंनी विचारल्यावर मी हात वर केला (बाकीच्यांची बोटं आधीच माझ्याकडे होती). पण कुठे कुठे किती टाकलं, ते मी जागेनिशी सांगितलं, आणि बाई खूश झाल्या. आता रोज सकाळी मी बुडी मारून एकेक नळी अख्खी उपटतो आणि पिशवीत भरतो. परवाना वाचला, होडी वाचली. तुम्ही विश्वास टाकला नसता तर हात वर करायची हिंमत माझ्यात आली नसती, हे अगदी मनापासून लिहितो.

तुमचा,
भाचा

ता. क. दोर वाळला की कडक होतो, हीही तुमचीच शिकवण. म्हणून तो ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवला होता (बाई तेव्हा आल्या नव्हत्या). त्याच्यावरच्या नळ्या मी आधी खरवडल्या होत्या. सुरीनेच.

ता. क. २. तो कालवांच्या जवळ पाण्यात सोडला असेल, तर हे पत्र इथेच ठेवा आणि आधी त्याला बाहेर काढून उन्हात टाका. कुठे तुरा दिसला तर सुरी लावू नका. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तोच माझ्यात आला आहे.

ता. क. ३. फोनवर हे सांगायची छाती झाली नाही. शनिवारी पिशवी घेऊन येतोच आहे, शेवटची नळी निघेपर्यंत हलणार नाही. ओरडायचं ते मी पाण्याखाली असताना ओरडून घ्या. आणि मला होडी देताना तुम्ही एकदाही विचार केला नाहीत, तरी हे पत्र आईला दाखवण्याआधी मात्र दोनदा करा.