खोटा गुरुवार

गुरु. २ फेब्रुवारी १९७८
प्रचाराला सक्करदरा तलावामागची बौद्ध वस्ती. जायचं मनात नव्हतं, देवाजी मेश्रामने ओढून नेलं. कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर आहे. त्याच्या मुलीची, रेखाची कावीळ माझ्या औषधाने गेली, तेव्हापासून मला देवमाणूस समजतो. वस्तीतले अडवत होते. त्यांना म्हणाला, ‘पक्षाचं मले सांगू नका, माणूस पाहा.’ घरात नेऊन एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. दारात ही गर्दी. त्याची बायको सुमित्रा पोहे आणि चहा घेऊन आली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आज गुरुवार. माझा उपवास असतो.’
‘चहा तं चालते नं जी उपासाले?’
‘निर्जळी असतो.’
कपबशी उचलून आत गेली. 
तिथून मनीषनगरकडे, नव्या प्लॉटवाल्यांकडे. बँकेतले साहेब. बाईंनी आग्रहाने कचोऱ्या वाढल्या, मी खाल्ल्या. माझा प्रचार सांभाळणारा बबन कानाशी येऊन म्हणाला, ‘वैद्यजी, उपास लय लवकर सुटला तुमचा.’ मीही हसलो. हसायला नको होतं.

शुक्र. ३
सौ.ला सांगितलं. वाटलं, रागावेल. ‘बरं केलंत. उगाच तोंडावर नाही म्हणून कशाला दुखवायचं,’ म्हणाली आणि वरण वाढलं. रागावली असती तर बरं झालं असतं.
कार्यालयात बबनने सगळ्यांना सांगून टाकलं आहे. झकास युक्ती म्हणे! आता तसल्या वस्तीत जायचं निघालं की कोणीतरी ओरडतो, ‘चला, गुरुवार पाळा!’ वार कोणताही असो. खो खो हसतात. पत्रकांचे गठ्ठे तिथेच पडलेले. माझा फोटो, खाली गोवंशरक्षण, दारूबंदी, शाळेत संस्कार. शेवटचं वाचवेना.

सोम. ६
दवाखान्यात सुमित्रा आली रेखाला घेऊन. खोकला. नाडी पाहिली, जीभ पाहिली, सितोपलादि चूर्ण दिलं मधातून घ्यायला. इतकी वर्षं या लोकांचे हात हातात घेतो आहे, कधी काही वाटलं नाही. औषध देताना मी देणारा असतो, तिच्या घरी ती देणारी. म्हणून अडलं का? छे, ही वकिली झाली. विटाळ आहे. अंगात आहे. लिहून टाकलं एकदाचं.
जाताना तिने विचारलं, ‘कशावर सोडता जी उपास?’
‘साबुदाण्यावर. संध्याकाळी.’
किती पटकन सांगितलं! जसा काही जन्मभर करतोय.

गुरु. ९
आज खरोखरच उपाशी. भक्ती नाही, भीती. कोणी पाहिलं तर? पाणी प्यायलो तेही दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दार लावून. सौ. म्हणाली, हे काय नवीन? म्हटलं, निवडणुकीपुरतं.
भुकेमुळे तुरुंग आठवला. आणीबाणीत आत होतो तेव्हा भाजी कोणी चिरली, पोळी कोणी लाटली, एकदा तरी विचारलं का? ताट समोर आलं की तुटून पडायचो. वर एकत्र जेवणाचे गोडवे गायचो. आणि सुटून आलो त्या दिवशी अंघोळ करून जानवं बदललं. कोणी सांगितलं नव्हतं.

रवि. १२
सभा. माझं भाषण ‘आपण सारे एक’. ठीक झालं, टाळ्या पडल्या. त्याआधी देवाजी आपणहून माइकवर आला. असा कधी बोललेला नाही. म्हणाला, ‘उपासाच्या दिवशी बी हा माणूस माह्या घरी येऊन बसला. बाकीचे तं खातेपेते असून येत नाही.’
मागून त्याच्याच वस्तीतला एक ओरडला, ‘पाणी पेले का पण?’
‘निर्जळी होती गा त्यायची! तुले काय समजते?’
माझ्या मागे बबन तोंडात रुमाल कोंबून बसला होता. देवाजीला वाटलं, ठसका लागला. पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. मी खाली बघत बसलो. उठून दोन वाक्यं बोलायची होती, बस. उठलो ते भाषणासाठीच.

गुरु. १६
देवाजीचा निरोप, आजचा उपास आमच्याच घरी सोडायचा. साऱ्या वस्तीला सांगून बसलेला. बबन म्हणाला, ताप आला म्हणून कळवतो. नको म्हटलं. हिंमत नव्हे, दुसरं खोटं बोलायचा कंटाळा आला होता.
साबुदाण्याची खिचडी. देवाजी समोर उभा, दारात तेच सगळे, त्यात सभेत ओरडलेलासुद्धा. पहिला घास तोंडातच फिरला. दुसरा गेला. मग भूक लागली होती ती लागलीच, आणि खिचडी खरंच उत्तम होती. जिंकलो असं वाटलं! इतकंच होतं तर. पुन्हा मागून घेतली. म्हटलं, ‘सुमित्राबाई, हाताला चव आहे.’ देवाजीने दाराकडे वळून मान अशी काही ताठ केली! मग सगळ्यांना पानं खिलवायला बाहेर घेऊन गेला.
सुमित्रा हात धुवायला पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, ‘माह्या हातची नाही जी ते. रस्त्यापलीकडच्या जोशीबाईंच्या घरून करून आणली. डबा बी त्यायचाच. तुमाले जड जाऊ नये म्हणून.’
मी डब्याकडे पाहिलं.
‘यायले सांगू नका. यायनं साऱ्या वस्तीशी भांडण घेतलं तुमच्यासाठी.’
म्हणजे पहिल्याच दिवशी तिने ओळखलं होतं. कपबशी उचलली तेव्हाच. दवाखान्यात विचारलं तेही ओळखूनच. आणि माझी अब्रू राहावी म्हणून जोशीबाईंच्या दारात गेली, काय सांगून गेली असेल तिथे? बाहेर देवाजी हसत होता. त्याच्या हातचं पान घेतलं. चावलं. घरी येईपर्यंत तोंडातच होतं.

रवि. १९
सौ.ला सगळं सांगितलं. ‘हुशार बाई आहे,’ म्हणाली. पोळ्या लाटत होती. मग लाटणं थांबवून, ‘तिच्या जागी मी असते तर उपाशी परत पाठवलं असतं तुम्हाला.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बोलली नव्हती.
जाऊन माफी मागायची, एवढं ठरलं. पण कधी? मतदानाआधी गेलो तर तीही एक युक्तीच. नंतर गेलो तर त्यांची मतं फसवून घेतली असं होईल. देवाजीला सांगावं तर त्याचं वस्तीत तोंड राहत नाही. न सांगावं तर माझं माझ्यापाशी राहत नाही. बबनला विचारलं असतं तर म्हणाला असता, वैद्यजी, आठवडाभर दम धरा.

बुध. २२
सायकलने गेलो, एकटा. मुद्दाम दुपारी, देवाजी ड्यूटीवर असताना. हाही भित्रेपणाच. सुमित्रा दारात तांदूळ निवडत होती.
‘आज बुधवार,’ म्हटलं. ‘पाणी मागायला आलो. तुमच्या हातचं.’
सूप बाजूला ठेवून उभी राहिली. आत गेली नाही.
‘शनिवारी मतदान हाय नं जी?’
‘हो.’
‘मंग रविवारी या. आज देल्लं तं ते मतासाठी पेले का तहानेसाठी, मले बी समजणार नाही अन् तुमाले बी नाही.’
मी काहीतरी पुटपुटलो, चुकलं माझं, असंच काहीतरी. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘मताची काळजी करू नका. यायनं शब्द देल्ला हाय, घरातले दोन्ही मतं तुमालेच पडतील.’ आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.
याहून शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.
उन्हातून घरी आलो. सौ.ने तांब्या पुढे केला, गटागटा प्यालो. तेवढी तहानसुद्धा धरून ठेवता आली नाही.
रविवारी जायचं आहे. निवडून आलो तर हार, गुलाल, माणसांचा गराडा. पडलो तर तोंड दाखवायची लाज. न जायच्या सबबी दोन्हीकडच्या आत्ताच तयार आहेत. आणि मघाशी, तांब्या खाली ठेवता ठेवता मनात येऊन गेलं, रविवारी कोणता उपवास असतो?
लिहून ठेवतो. खोडणार नाही.