बारा गुलाब आणि एक ढ माळी

३ फेब्रुवारी
बारांतला तिसरा गुलाब गेला! शेंड्यापासून काळा पडत पार खोडापर्यंत. माळ्याला जाब विचारला. तो झाडाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, मग स्वतःच्या चपलांकडे. "बघतो, बाई." चार वर्षं बघतोच आहे!
नवऱ्याने फोनमध्ये डोकं खुपसून निदान केलं – "बुरशी आहे." न्हाणीघराच्या भिंतीबद्दलही हेच म्हणाला होता. ती बुरशी अजून सुखात नांदतेय.

५ फेब्रुवारी
वाळकी फांदी घेऊन नर्सरीवाल्याकडे गेले. पेन चघळत बोलतो, पण माणूस हुशार. म्हणाला, "शेंडेमर. फूल काढताना हा वीतभर खुंट कोणी ठेवला? खुंट वाळतो, त्यातून बुरशी आत शिरते आणि उतरत जाते. कोंबाच्या जरासं वर, तिरकं कापायचं. कापतं कोण?"
"माळी," मी म्हटलं. विचार करायची गरजच नव्हती. टेबलावरच्या पेल्यात ठेवायला रोजची फुलं सासूबाई काढतात, पण पन्नास वर्षांचा हात आहे तो. त्यांची चूक काढायची माझी काय बिशाद!

६ फेब्रुवारी
माळ्याला काढून टाकलं. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या तेव्हाच उरकलं – तो त्यांचा भारी लाडका.
खुंट दाखवून विचारलं, "हे तुमचंच काम ना?"
पुन्हा चपलांकडे बघितलं. मग – "हो बाई. माझंच चुकलं."
ना हुज्जत, ना रडारड. कात्री पुसून खुंटीला लावली आणि गेला. ठोंब्या! निदान भांडला असता तर थोडी तरी किंमत वाटली असती.
सासूबाईंना सांगितलं, रजेवर गेलाय. "सांगून नाही गेला?" एवढंच म्हणाल्या.

७ फेब्रुवारी
वाळकं सगळं छाटलं, जाळलं. दर कापाला कात्री स्पिरिटने पुसली. एक खुंट म्हणून ठेवला नाही. नवरा लांबून म्हणतो, "सांभाळून, काटे असतात." काय पण विद्वान!

१६ फेब्रुवारी
पुन्हा खुंट! मोजून अकरा. दोन तर काळे पडायलाही लागलेत. फाटकाला कुलूप नसतं. तोच येऊन सूड उगवत असणार. गरीब चेहऱ्याची माणसं आतून अशीच निघतात. उद्या उजाडताच दबा धरून बसते. पकडतेच मेल्याला!

१७ फेब्रुवारी
सासूबाई आल्या. फूल चाचपलं, बोटांनी दांडा धरून खाली उतरल्या, काटा लागला तिथेच थांबून कापलं. अंदाजाने. मी हातभर अंतरावर उभी.
चाहूल लागली तशा माझ्याकडे वळून हसल्या.
"आलात का माळीबुवा? बरं झालं. माझे खुंट तेवढे नीट करून टाका – सूनबाईला अजून कळलं नाही ना, मला दिसत नाही ते?"