बंदुकीचा धक्का

जुफैर, बहरीन
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमास,
अनेक आशीर्वाद.

ठक्, ठक्, ठक्. आज सकाळी चहा पिताना अचानक तोच आवाज कानात आला. बाबांच्या ठासणीच्या बंदुकीत गजाने दारू ठासल्याचा. अठ्ठावन्न वर्षं झाली, तरी शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखं आहे बघ. पहिला शब्द आठवला की पुढचं आपोआप येत जातं.

इकडे सर्व ठीक. साखर ताब्यात आहे, गुडघे ऐकत नाहीत. तुझा भात घरात आला का? रानडुकरांनी किती ठेवला?

आता खरी बातमी! आपली श्रेया शिकारीला निघाली आहे. हसू नकोस. ती राहते त्या अमेरिकेतल्या मोंटानात हरणाच्या शिकारीचा रीतसर परवाना मिळतो, ऑफिसातल्या मैत्रिणी दरवर्षी जातात. तिने मला विचारलं, "आजोबा, कमी धक्क्याची रायफल कुठली घेऊ? हरणालाही चालेल आणि रविवारी सहज नेमबाजीलाही." या घरात मला एरवी विचारतात ते एवढंच, की गोळी घेतली का! पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, वही भरली. शिरीष म्हणतो, "बाबा, तुम्ही नातीला हरणाला पाठवताय की लढाईला?"

तुबलीला गॅरेजवाला इलियास आहे, पूर्वी फौजेत होता. त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो. "चाचा, थ्री-ओ-एट छोड़ो. बच्ची दुबली है, दो गोली में डर जाएगी. फिर आँख बंद करके चलाएगी." मग गोळीचं माप टू-फॉर्टी-थ्री की सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर, यावर आमचा तासभर वाद. क्रीडमोर लांबवर चांगली, पण श्रेया दीडशे यार्डांपलीकडे कशाला मारतेय? टू-फॉर्टी-थ्रीची गोळी लहान, धक्का हलका, आणि योग्य गोळी निवडून नेम जागेवर धरला तर हरणाला पुरते. रायफल फार हलकी नको, जड बंदूक धक्का स्वतः पिते. दस्त्याला रबराची गादी हवी. आधी महिनाभर पॉइंट टू-टूच्या छोट्या रायफलीवर हात बसवायचा. ठरलं! मी तर "खलास!" म्हणून टाळीच मागितली.

निघताना इलियास म्हणाला, "और उसको बोलो, बंदूक कंधे से चिपका के रखे. दूर रखेगी तो मारेगी."

हेमा, मी गाडीत बसलो आणि वहीत ही एकच ओळ तीनदा लिहिली.

संध्याकाळी श्रेयाला सगळं वाचून दाखवलं. तर ती म्हणते, "आजोबा, व्हाय आर यू सो स्केअर्ड ऑफ द किक?" एवढा का घाबरता धक्क्याला? मी हसून विषय बदलला. तुझी गोष्ट तिला मी कधीच सांगून ठेवली आहे ना. आमची हेमा सहावीत असताना बाबांची बंदूक चोरून उडवायला गेली नि आपटली. लहानपणी श्रेया ती ऐकून पोट धरून हसायची.

ती गोष्ट खोटी आहे, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.

बंदूक मी काढली. गडग्यावर करवंटी मी ठेवली. मोठा बार व्हावा म्हणून दारू दुप्पट ठासली ती मी. आणि तू घाबरलीस तेव्हा मोठ्या शहाण्यासारखं म्हणालो, "खांद्यापासून चार बोटं लांब धर, म्हणजे लागणार नाही." तेवढ्याच मोकळ्या जागेतून उसळून बंदुकीने तुझा खांदा मोडला. धूर होता, कावळे उडाले होते, आणि तू पडल्या पडल्या पहिलं काय म्हणालीस? "दादा, मला लागलं नाही."

बाबांनी विचारलं. मी म्हटलं, हिने स्वतः घेतली. तू माझ्याकडे फक्त बघितलंस. हाडवैद्याने हाड वाकडं बसवलं. बाबांनी तुझं दप्तर माळ्यावर टाकलं, पोरीला शाळेने शेफारवलं म्हणाले. मी पडवीत कविता पाठ करायचो, अडायचो, आणि चुलीपुढून तू पुढची ओळ सांगायचीस. त्या कवितांवर मी वर्गात पहिला आलो, हेमा.

दर वर्षी तुला आमसुलांबद्दल लिहितो, गुडघ्यांबद्दल लिहितो. हे लिहीत नाही. आज रात्री जेवताना हे पत्र सगळ्यांसमोर वाचणार आहे, श्रेयालाही फोनवर घेणार. मग पोस्टात टाकेन. तू क्षमा कर असं म्हणत नाही. श्रेयाने हसणं थांबवावं, एवढंच.

शिरीष विमानतळावर गेलाय, ऑफिसचा कुणी पाहुणा आहे म्हणे. सूनबाई कश्मिरा सकाळपासून घावने घालतेय, खोबऱ्याचा रसही केलाय. ऑफिसच्या पाहुण्याला घावने! मी विचारलं तर नुसती हसते.

ठक्, ठक्, ठक्.

नाही, हा कानातला नाही. कुणीतरी दार ठोठावतंय. या इमारतीत सगळे बेल वाजवतात. कश्मिरा म्हणते, "बाबा, तुम्हीच उघडा."

बाहेरून आवाज येतोय. "दादा, उघड रे. शिरीष गाडी लावतोय. बेल उंच आहे, माझा हात पोचत नाही."

आलो गं.

बंदूक भरणारा,
तुझा विठ्ठलदादा